आपोआप मिटणारे दार आणि पाण्याचा हिशेब



ठिबकचे कॉक उघडणारी-मिटणारी, मोबाइलवरून चालणारी यंत्रे आता आपल्या सोलापूर जिल्ह्यात गावोगाव दिसू लागली आहेत. डाळिंब आणि द्राक्षाच्या बागांत तर ती विशेष दिसतात. ही यंत्रे घ्यावीत की नाही, कोणती घ्यावीत, असे आपण विचारता. त्याआधी थोडे मागे जाऊन पाहिले तर बरे होईल. पाणी आपोआप उघडणे आणि आपोआप बंद होणे ही गोष्ट आपल्याकडे सव्वाशे वर्षांची जुनी आहे, आणि पाण्याचा हिशेब तर त्याहूनही जुना आहे. या दोन गोष्टी कधी बरोबर चालल्या, कधी त्यांची फारकत झाली. फारकत झाली तेव्हा नुकसान कोणाचे झाले, ते आपल्यालाही ठाऊक आहेच.

मोटेपासून सुरुवात करू. ज्यांनी मोट पाहिली आहे त्यांना धाव, थारोळे, नाडा, सोंदूर हे शब्द आठवतील. मोटेला मीटर नव्हता, पण तिला एक हद्द होती. बैल किती वेळ धावेवर खाली-वर करणार? ऊन चढले की मोट सुटायची. बैलांच्या अंगात जितका दम, तितकेच पाणी विहिरीतून वर येणार. म्हणून विहिरीवरचा बागायत तुकडा लहान असे, आणि रात्री बैल गोठ्यात विसावले की विहिरीचे झरे तिला पुन्हा भरून काढीत. हा हिशेब कुणी वहीत लिहिला नाही, तो बैलांच्या खांद्यावर होता.

नाशिक-धुळे भागात पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवर फड पद्धत होती. तिथे हा हिशेब सगळ्या गावाचा असे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. या साली या फडात ऊस, त्या फडात हंगामी पीक, आणि पाणी कमी असेल तर एखादा फड पडीक ठेवायचा. पाटकरी गावाने नेमलेला, दारे धरणारा तोच. जास्त झालेले पाणी पाटातून परत नदीला सोडायला सांडवे ठेवलेले असत, म्हणजे पाट भरला की जादा पाणी आपोआप बाहेर. शेतकऱ्याने स्वतः दार उघडायचे नाही, हा तिथला कडक नियम. आजच्या कंट्रोलरचे काम तेव्हा पाटकरी करीत होता म्हणा ना! फरक इतकाच की किती पाणी द्यायचे, हे ठरल्यावर त्याच्या हाती फावडे येत असे.

आता आपल्या भागाकडे येऊ. सोलापूरजवळचा एकरुख तलाव, ज्याला आपण हिप्परगा तलाव म्हणतो, तो 1871 साली तयार झाला. पुढे शहराला पिण्याचे पाणीही त्याच तलावातून मिळू लागले. इंग्रज सरकारने दख्खनमध्ये असे तलाव आणि कालवे काढले ते मुख्यतः दुष्काळापासून बचाव म्हणून. ज्वारी-बाजरीला वेळेवर एखादे पाणी मिळावे, असा विचार. पण झाले असे, की चांगल्या पावसाच्या साली शेतकरी ज्वारीला पाणी घेईना, कारण त्याला पैसे पडत. वाईट साली सगळे एकदम मागू लागत. कालवे तोट्यात चालू लागले. मग कालव्याला पैसा देणारे पीक कोणते? ऊस. नीरा डावा कालवा 1885 साली सुरू झाला आणि त्याच्या काठाने उसाचे मळे उठू लागले.

ऊस आला, पण तो विखुरलेला आला. इथे दोन एकर, अर्ध्या मैलावर तिथे तीन एकर. एवढ्याशा मळ्यासाठी लांबच लांब चाऱ्यांतून पाणी न्यावे लागे आणि वाटेत ते मुरून जाई. वरच्या माणसाला भरपूर, शेवटच्याला कोरडे. खोल काळ्या जमिनीत जास्त पाणी बसून ती चोपण होऊ लागली. पैसे पिकाच्या एकरावर घेतले जात, पाण्याच्या मापावर नव्हे. मग एकदा पैसे भरल्यावर दार लवकर मिटण्याचे कारण काय? ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

1899 च्या सुमारास पुण्याच्या पाटबंधारे खात्यात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नावाचे इंजिनिअर कार्यकारी अभियंता म्हणून आले. पुढे म्हैसूरचे दिवाण झाले, भारतरत्न झाले, ते हेच. त्यांनी पुण्यात थोड्याच वर्षांच्या अंतराने दोन कामे केली. एकाची कथा शाळेच्या पुस्तकात आहे. दुसरे काम फार थोड्यांना ठाऊक आहे, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने मला ते जास्त मोलाचे वाटते.

पहिले काम खडकवासल्याचे. त्या तलावाला तेव्हा फाइफ तलाव म्हणत. पावसाळ्यात सांडव्यावरून सहा-आठ फूट उंचीचे पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात कालव्याला पाणी कमी पडे. धरण उंच करावे तर खर्च फार, आणि भिंतीवर भार. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप चालणारी लोखंडी दारे बसवली. साल 1903. दारांना वजने लटकवून तोल साधलेला. पाणी ठरलेल्या रेषेपर्यंत असे तोवर दारे बंद. त्या रेषेच्या वर चढले की तोल बदले आणि दारे आपोआप उघडत, पूर ओसरला की आपोआप मिटत. वीज नाही, मोटार नाही, रात्री दोन वाजता चौकीदाराने पावसात धावायला नको. साठ्याची पातळी सुमारे 8 फुटांनी वाढली आणि साठा अंदाजे पाव पटीने वाढला. या दाराचे पेटंट त्यांच्या नावावर होते, पण सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाचा मोबदला त्यांनी घेतला नाही. पुढे अशी दारे ग्वाल्हेरजवळ तिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर बसली. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने जुने खडकवासला धरणही गेले.

दुसरे काम ब्लॉक पद्धतीचे. विश्वेश्वरय्यांचे म्हणणे साधे होते. कालव्यात एकूण पाणी किती आहे ते आधी बघा, त्यातून किती एकर भिजेल ते ठरवा, आणि ते एकर विखरून न ठेवता गटाने एकत्र आणा. अशा एका गटाला ब्लॉक म्हणायचे. ब्लॉकच्या साधारण एक तृतीयांश भागात ऊस, बाकीच्या दोन भागांत हंगामी पिके, आणि दरवर्षी उसाची जागा पालटायची, म्हणजे जमीनही चोपण होणार नाही. पाणी ठरल्या दिवसांच्या अंतराने पाळीपाळीने मिळणार, आणि मिळणार हे नक्की. ब्लॉक ठरावीक वर्षांसाठी मंजूर होत, पुढे बहुतेक सहा वर्षांसाठी. त्यामुळे शेतकऱ्याला पाच-सहा वर्षांचा विचार करून खत, बैल, गुऱ्हाळ यांत पैसा घालता येई.

सुरुवातीला या पद्धतीला विरोध झाला. साहजिक होते. ज्याचा मळा कालव्याच्या तोंडाशी, त्याला तर सोन्याची खाण सोडायला सांगितल्यासारखे झाले. विश्वेश्वरय्या स्वतः शेतकऱ्यांना भेटले, समजावले, आणि पद्धत हळूहळू रुजली. पुढे भाटघरचे मोठे धरण 1928 साली झाले, नीरा उजवा कालवा माळशिरसच्या माळरानावर आला, 1930 च्या दशकात माळीनगरला साखर कारखाना उभा राहिला. अकलूज-माळशिरस भागातल्या जुन्या बागायतदारांना "ऊस ब्लॉक", "फळबाग ब्लॉक", "दोन हंगामी ब्लॉक" हे शब्द घरचे होते ते यामुळेच.

आता बघा, खडकवासल्याचे दार आणि नीरेचा ब्लॉक, दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यातून निघाले. दाराला फक्त पाण्याची पातळी कळते. किती साठवायचे ती रेषा माणसाने आधी आखून दिलेली असते. ब्लॉक म्हणजे शेताच्या बाजूची तीच रेषा. दार टिकले, कारण त्याला कुणाची संमती लागत नव्हती. ब्लॉकच्या रेषेला मात्र दर हंगामात सगळ्यांची संमती लागते, आणि मागणी वाढत गेली, पुढारी आणि कारखाने बळावले, तशी ती रेषा पुसट होत गेली.

सोलापूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याने हाच हिशेब कालव्याशिवाय केला, हेही सांगितले पाहिजे. 1933 साली सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले. एन. व्ही. कानिटकर हे त्या कामातले मोठे नाव. रब्बी ज्वारी पावसावर येत नाही, ती जमिनीत साठलेल्या ओलीवर येते. मग जितकी ओल, तितकीच रोपे. बांधबंदिस्ती करून ओल धरायची, ओळी रुंद ठेवायच्या, बियाणे कमी टाकायचे, आणि कोळपून जमिनीच्या भेगा बुजवायच्या. दाट पेरले तर दिसायला हिरवेगार, पण जानेवारीत कणीस भरायच्या वेळी ओल संपते. पाणी एकदाच मिळणार आहे हे धरून पेरणी करायची, ही शिकवण या केंद्राने आसपासच्या जिल्ह्यांना दिली. बागायतदाराने ती कोरडवाहू माणसाची म्हणून सोडून दिली, हे मात्र बरे झाले नाही.

त्यानंतर आली विजेची मोटार. बैल सुटले, आणि बैलांबरोबर हद्दही सुटली. शेतीपंपाची वीज अनेक वर्षे मीटरवर नव्हे तर अश्वशक्तीवर आकारली गेली. पाच अश्वशक्तीची मोटार तासभर चालवा नाहीतर आठ तास, बिल तेच. कालव्यावर पाणीपट्टी पिकाच्या एकरावर, विहिरीवर वीजबिल अश्वशक्तीवर. मघाशी लक्षात ठेवायला सांगितले ते हेच. 2024 पासून तर राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाचे वीजबिल माफ झाले आहे. शेतकऱ्याचा भार हलका झाला ही चांगली गोष्ट, पण बिलाचा जो थोडाफार लगाम होता तोही गेला.

भारनियमनाच्या काळात घरोघरी "ऑटो" आला. रात्री कधीही लाईट आली की मोटार आपोआप चालू. शेतकऱ्याची झोप वाचली, अंधारात साप-विंचवाच्या वाटेने जाणे वाचले, म्हणून ऑटोला कोणी नावे ठेवू नयेत. पण स्पष्टच सांगायचे तर हे अर्धे यंत्र आहे. त्याला चालू करायचे कळते. विहिरीत किती उरले आणि पिकाला किती लागते, हे त्याला कळत नाही. लाईट जाईपर्यंत ते उपसत राहते. विश्वेश्वरय्यांचे दार एका रेषेवर थांबत होते, आपला ऑटो डी.पी.वर थांबतो.

1972 च्या दुष्काळानंतर काही लोकांनी पुन्हा हिशेबाला हात घातला. पुरंदर तालुक्यात नायगाव इथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. ते व्यवसायाने इंजिनिअर आणि कारखानदार. त्यांनी पाणी जमिनीला न देता माणसाला दिले. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल इतके पाणी, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस बंद. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पाऊस मोजून, विहिरींची पातळी बघून, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून त्या साली कोणती पिके घ्यायची ते ठरवतात. तिथे शेतीसाठी बोअर पाडायला बंदी आहे. या दोन्ही ठिकाणी यंत्र काहीच नव्हते म्हणा, फक्त रेषा होती आणि ती सगळ्यांनी मिळून आखली होती.

याउलट पाहायचे तर इस्राएलकडे पाहावे, कारण ठिबकचे नाव निघाले की त्या देशाचे नाव निघतेच. ठिबकची नळी घेऊन बाजारात उतरलेली तिथली पहिली कंपनी 1965 ची. पण पाणी मोजण्याचा कायदा तिथे 1955 साली झाला होता, आणि 1959 च्या कायद्याने सगळे पाणी सार्वजनिक ठरले होते. म्हणजे आधी मीटर, मग वाटणी, आणि मग नळी. आपल्याकडे 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबक आले ते अनुदानाबरोबर आले, मीटर मात्र आला नाही. त्यामुळे काय झाले, की ठिबकने वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर लागवड वाढली. एकराचे पाणी कमी झाले, विहिरीचे मात्र कमी झाले नाही. कित्येक गावांत बोअर शंभर फुटांवरून पाचशे-सातशे फुटांवर गेले आणि तरी उन्हाळ्यात बागेला टँकर लावावा लागला, हे आपण पाहिले आहे.

कालव्यांच्या बाबतीत राज्याने 2005 साली कायदा केला, की पाणी वापर संस्थांना पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून द्यायचे. कायदा चांगला आहे. सगळीकडे तो सारखा उतरला असे म्हणता येणार नाही. आपले उजनी घ्या. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, त्यात उपयुक्त साधारण साडेत्रेपन्न, बाकी मृत साठा. 2023 साली ते पूर्ण भरले नाही, आणि 2024 च्या उन्हाळ्यात पातळी वजा 50 टक्क्यांच्याही खाली गेली. म्हणजे मृत साठ्यातलेही निम्म्याच्या आसपास उपयुक्त साठ्याइतके पाणी आपण उपसले. त्याच साली ऑगस्टमध्ये धरण भरले आणि सगळे विसरलो. शेजारी कर्नाटकात कृष्णेवरच्या नारायणपूर डाव्या कालव्यावर प्रवाह मोजणारी आणि दुरून हलवता येणारी दारे बसवली आहेत. सुमारे साडेचार लाख हेक्टरांच्या त्या कामाचे लोकार्पण जानेवारी 2023 मध्ये झाले. हे दार उघडते-मिटते आणि त्याचबरोबर मोजतेही.

आता आपल्या शेतापुरते बोलू. कंट्रोलर घेण्याआधी एक आकडा काढावा लागतो, आणि तो काढायला कागद-पेन्सिल पुरते.

समजा, 30 बाय 30 मीटरचे, 3 मीटर खोल, अस्तर घातलेले शेततळे आहे. बाजूचा उतार धरून त्यात सुमारे 2,196 घनमीटर पाणी मावते, म्हणजे जवळजवळ 22 लाख लिटर. फेब्रुवारी ते मे हे 120 दिवस. तळ्याचा पृष्ठभाग सरासरी 800 चौरस मीटर आणि रोज 7 मिलिमीटर पाणी उडते असे धरू. चार महिन्यांत सुमारे 670 घनमीटर उन्हानेच नेले. हाती उरले साधारण 1,500. डाळिंब 4.5 बाय 3 मीटरवर असेल तर एकरी 300 झाडे. झाडाला दिवसाला सरासरी 25 लिटर धरू. झाडाचे वय, जमीन आणि ऊन यांप्रमाणे हा आकडा बदलेल, तुमच्या भागातल्या कृषी सहायकाला विचारून घ्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे "फुले इरिगेशन शेड्युलर" हे मोबाइलवरचे साधनही यासाठीच आहे. 300 झाडांना रोज 7,500 लिटर, 120 दिवसांना 900 घनमीटर. एका एकराला तळे पुरून उरते. दोन एकरांना 1,800 लागतील, आणि हाती आहेत 1,500. म्हणजे मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, फळ फुगायच्या वेळी, तळे कोरडे. कंट्रोलर कितीही महागाचा असो, ही वजाबाकी तो बदलू शकत नाही.

एकदा हा आकडा ठरला, की यंत्राचा खरा उपयोग सुरू होतो. इथे एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो. बाजारातले साधे कंट्रोलर वेळ मोजतात, पाणी नव्हे. झाडाला ताशी 4 लिटरचे दोन ड्रिपर असतील तर 25 लिटरला तीन तासांहून थोडे जास्त लागतात, हे खरे. पण व्होल्टेज कमी असेल, फिल्टर तुंबला असेल, तर तीन तासांत पंधराच लिटर पडतील. उंदराने लॅटरल कुरतडली असेल तर एका जागी डबके होईल आणि घड्याळ म्हणेल सगळे ठीक. म्हणून मीटरलाच जोडलेला व्हॉल्व्ह मिळाला तर तो बरा. त्याच्या चकतीवर घनमीटरचा आकडा लावायचा, तेवढे पाणी गेले की तो आपला आपण मिटतो. तो परवडत नसेल तर निदान मुख्य नळीवर साधा पाण्याचा मीटर बसवा आणि दर सोमवारी आकडा भिंतीवर लिहा. ड्रिपरखाली डबा ठेवून, पहिल्या ओळीतले आणि शेवटच्या ओळीतले पाणी तासभर मोजून पाहणे हे तर फुकटात होते.

आणि ऑटो असेल तर त्याला जोडून टायमर किंवा वरचा व्हॉल्व्ह लावावा, म्हणजे चालू होण्याबरोबर बंद होण्याचीही सोय होईल. विहीर किंवा बोअर कोरडे पडले की मोटार थांबवणारे साधनही मिळते, त्याने मोटार जळत नाही. पण ते विहीर रिकामी झाल्यावर काम करते, हे ध्यानात ठेवावे.

वरच्या उदाहरणातल्या दोन एकरांचे काय करायचे, असे विचाराल. झाडे तर लावून झाली. अशा वेळी एका एकरावर आंबे बहार धरावा आणि दुसऱ्या एकराला उन्हाळ्यात ताण देऊन मृग बहार धरावा. ताणावरच्या झाडांना जगण्यापुरते पाणी दिले तरी चालते आणि वरचे 1,500 घनमीटर दोघांत पुरतात. हे जानेवारीत, छाटणी आणि पानगळ करण्यापूर्वी ठरले पाहिजे. एकदा दोन्हीकडे कळ्या निघाल्या की मग टँकरवाल्याचा नंबर शोधावा लागतो.